काळ्या पडद्याआडचे सात

३ फेब्रुवारी, सोमवार

स. लालबागचं माझं शोभेच्या माशांचं दुकान. दु. परळ, लॅब. तिथल्या माशांच्या टाक्यांचे पंप, फिल्टर, पाणी सगळं माझ्याकडे, सहावं वर्ष चालू. दादरच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या पिशवीत मासे टांगून विकणारा हा परब आज गेटवर सही करून आत जातो, वॉचमन 'साहेब' म्हणतो. अजून मागे वळून बघतो, कोण साहेब आला ते.

तेजू जिन्यात बसलेली. पीएचडीचं शेवटचं वर्ष, मला काका म्हणते. डबा उघडा, भाजी तशीच. कोपऱ्यातल्या रॅकमधले सात झेब्रामासे दिवाळीपासून जवळजवळ अंडीच घालत नाहीत. चार माद्या, तीन नर. या घराण्यातल्या काही पिल्लांचं हृदय उलट्या बाजूला वळतं. का, तोच तिचा अभ्यास. हे घराणं दुसरीकडे कुठेच नाही.

"सात गेले की संपलं, काका. दोन वर्षांचे झालेत."

"म्हणजे माणसात किती?"

"साठी-पासष्टी धरा."

माझ्याच वर्गातले. म्हटलं, बघतो. काय बघणार ते तेव्हा माहीत नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तेजूने कागदावर काढून दाखवलं. अंड्यात पहिल्याच दिवशी एक इवलीशी पोकळी तयार होते, डोळ्याला दिसायचीसुद्धा नाही. आत केसासारखे तंतू, सगळे एकाच दिशेने गरगर फिरतात. आतलं पाणी त्यांच्यामुळे एका बाजूला वाहतं. त्या ओढीवरून गर्भाला कळतं, डावं कुठलं आणि उजवं कुठलं. तिच्या माशांत हे तंतू आळशी. पाणी वाहत नाही, मग हृदय वळेल तिकडे वळतं.

"माणसाचं पण असंच?"

"बरंचसं."

म्हणजे माझं काळीज डावीकडे आहे ते एका पंपाच्या कृपेने. जन्मभर पंप दुरुस्त केले, हे कोणी सांगितलं नाही. घरी बायकोला, मंगलला, सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "खावक गावनत नाय ते मासे पाळतत कित्याक?" खायला मिळणार नाहीत ते पाळायचे कशाला, म्हणे. मी कोळंबी धुवायला घेतली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या ऐटीत उपाय घेऊन गेलो. म्हटलं, अंडी घालायचा डबा एका बाजूने उचल, पाण्याला उतार कर. गावी पावसात मासे ओढ्यातून भातखाचरात चढतात, घोटाभर पाण्यात अंडी टाकतात. चढणीचे मासे. आम्ही पोरं टोपल्या घेऊन उभी.

तेजू हसली. "काका, आम्ही डबा तिरकाच ठेवतो. पण टोपलीवालं कारण कुणी लिहिलेलं नाही."

ऐट उतरली. पण पोरगी हसली, सोमवारपासून पहिल्यांदा.

तिची पद्धत अशी. संध्याकाळी त्याच रॅकवर, डब्यात नर एकीकडे, मादी दुसरीकडे, मध्ये पारदर्शक पट्टी. सकाळी आठला टायमरने रॅकमधले दिवे लागतात, पट्टी काढायची. उजाडलं की लग्न. अंडी खालच्या जाळीतून पडतात, नाहीतर आईबापच फराळ करतात. आज पट्टी काढली, दोघं समोरासमोर आले आणि भाडेकरू-मालकासारखे बाजूला झाले.

या रॅकला तिने काळा पडदाही लावलाय. म्हाताऱ्यांना जा-ये नको, शांतता हवी म्हणून. पाण्याचं मीठ तपासून झालं, खाणं बदलून झालं. मार्चअखेर तिची मुदत. तोवर अंडी नाहीत तर प्रबंधातला मुख्य भागच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कानाने काम केलं. नीट लिहून ठेवतो.

कोपऱ्यातल्या पंपाचा आवाज काल घोगरा वाटला. दिवसा सगळे रॅक एकदम घुमतात, काही कळत नाही. म्हणून आज साडेसहालाच गेलो, कोणी यायच्या आत. वॉचमनने दार उघडलं. मासेखोलीला खिडकी नाही, आत काळोख. दोन मिनिटं पंपांचा मेन बंद केला.

सगळं गप्प. झोपलेला मासा आवाज करत नाही. बाकीच्या टाक्या चिडीचूप. कोपऱ्यातून मात्र टिप्. टिप्. मासे वर येऊन पाण्याला तोंड लावतात तो आवाज, हजार वेळा ऐकलेला. म्हटलं, उजाडायच्या आधी हे सातजण जागे कसे?

पडदा सारला. टाकीच्या मागे, भिंतीला टेकून, लहान पोरांच्या खोलीत लावतात तो दिवा. पिवळा, बदकाच्या आकाराचा, चालू.

या सात जणांना तीन महिने रात्रच झालेली नाही. रात्र नाही तर उजाडणार कधी?

मेन चालू केला. पंपाचा रबर फाटला होता तो बदलला. बरोबर सातला सुमनमावशी आली, साफसफाई आणि माशांचं खाणं तिच्याकडे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण सगळी लॅब मावशी म्हणते म्हणून मीही. मला बघून दारातच थबकली. हातात पिशवी, नजर पडद्याकडे.

"चहा घेऊ या चला," म्हटलं.

गेटबाहेर टपरी. दोन कटिंग.

"बदक कुणाचं?"

"माझ्या नातीचं, परबभाऊ. ती मोठी झाली आता."

"ते इथे कसं काय?"

"तेजूताईनेच सांगितलेलं ना, हे म्हातारे आहेत, शेवटचे आहेत, यांना जपा. वर काळा पडदा लावला. माझी सासू नव्वदीची होती. नायगावला आमच्या खोलीत झिरोचा बल्ब गेला की रात्रभर हाका मारायची. म्हाताऱ्या जिवाला अंधारात ठेवू नये. मी जाताना लावते, सकाळी काढते. कुणाला दिसत नाही, कुणाला त्रास नाही."

सांगितलं तिला, रात्र नसेल तर मासे अंडी देत नाहीत. ग्लास तसाच हातात राहिला.

मग म्हणाली, "म्हणजे पोरीचं मी बुडवलं."

"अजून बुडालं नाही. आजपासून बदक तुमच्या पिशवीत."

"ताईला सांगणार?"

तिचं काम कंत्राटावर. ठेकेदार कसा आहे मला माहीत आहे. म्हटलं, "मी पंप बघतो. बदक बघत नाही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

तेजूला म्हटलं, आठवडाभर डबे लावू नकोस. मीठ नको, खाण्यात बदल नको, पडद्याला हात नको. सगळे एकत्र राहू देत, आराम करू देत.

"का?"

"पंप नवा आहे. सवय होऊ दे."

"काका, तुम्ही खोटं बोलताना कानाला हात लावता."

लावला होता खरा. पण ऐकलं तिने. 'एकच आठवडा' म्हणाली, बोट दाखवून. माझी मुलगी असती तर अशीच असती. मुलगा आहे, तो नुसता 'ओके पप्पा' म्हणतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साडेसहाला गेलो. मेन दोन मिनिटं बंद. कोपरा गप्प. सातही झोपलेले. इतकी सुंदर शांतता, खूप दिवसांत ऐकली नव्हती.

सातला मावशी आली. "झोपले?" कुजबुजली, जशी काय पोरं उठतील.

"झोपले."

डोळ्याला पदर लावला आणि लगेच फडकं हातात घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्या. तेजूने डबे लावले. तीन जोड्या, एक मादी राखीव. मला म्हणाली, "उद्या आठला या." मंगलने विचारलं, सकाळी एवढ्या लवकर काय आहे? म्हटलं, तीन लग्नं. "मगे आहेर काय नेतलास?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिवे आठला लागले. मी, तेजू, मागे मावशी बादली धरून. पट्ट्या काढल्या.

पहिली जोडी: काही नाही. दुसरी: काही नाही. तिसऱ्या डब्यातला नर, शेपटी जरा फाटलेली, मादीच्या मागे लागला. उथळ बाजूला नेलं तिला. दोघं कुशीला कुशी लावून थरथरले. मग जाळीखाली बारीक साबुदाणा सांडावा तसं.

तेजूने माझं मनगट धरलं ते सोडेचना. थोड्या वेळाने दुसऱ्या जोडीलाही सुचलं. पहिली जोडी शेवटपर्यंत रुसलेलीच. मोजली, एकशे बारा अंडी. तेजूने तीनदा मोजली. तीनदा वेगळा आकडा. शेवटी जो आवडला तो लिहिला असं मी म्हटलं, तर चिडली. चौथ्यांदा मोजून एकशे बाराच आली.

तेवढ्यात मागे बादली खाली ठेवल्याचा आवाज.

"ताई, मला बोलायचंय." आणि मावशीने सगळं सांगून टाकलं. बदक, नात, सासू, सगळं. पिशवीतून बदक काढून टेबलावर ठेवलं. माझं नाव घेतलं नाही. मी आपणहून म्हटलं, "मला अकरा तारखेपासून माहीत होतं."

तेजू बदकाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पोरगी रडेल किंवा ओरडेल. तिने वही उघडली.

"मावशी, कुठल्या तारखेपासून लावलात?"

"भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"एकही रात्र चुकली?"

"एक, संक्रांतीची. नातीला ताप होता, लवकर गेले."

तेजूने मागची पानं चाळली. त्या रात्रीनंतरच्या सकाळी वीस अंडी मिळाली होती, एकही जगलं नाही. तिने त्याला 'नशीब' असं लिहून ठेवलेलं. आता खोडून समोर लिहिलं: 'मावशीच्या नातीचा ताप.' मग हसायला लागली. मावशीला काही कळेना, ती पण हसली.

तिची गाईड मॅडम अकराला आली, सगळं ऐकलं. "तीन महिने आपण पाण्याचं मीठ बघत होतो," एवढंच म्हणाली. नंतर मावशीला म्हणाली, "यापुढे माशांचं काहीही करायचं असेल तर आधी आम्हाला विचारायचं. आणि आम्हीही तुम्हाला विचारत जाऊ." ठेकेदाराचा विषय निघाला नाही. मी कान देऊन होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दु. बारा. एकशे बारातली अठ्ठ्याऐंशी जिवंत. सगळी काचेसारखी, आरपार.

तेजूने मला मायक्रोस्कोपवर बसवलं. चष्मा काढा, मग घाला, मग परत काढा. शेवटी दिसलं. बलकाच्या गोळ्याभोवती गुंडाळलेलं पिल्लू, डोळ्याचा ठिपका, आणि खाली एक धागा, हलणारा. सव्वीस-सत्तावीस तासांचं पोर. काल सकाळी साबुदाणा होतं.

"हे?"

"हृदय. अजून नुसती नळी आहे. वळेल उद्या सकाळपर्यंत. मग कळेल, डावीकडे की उजवीकडे, आणि किती जणांचं."

"एकाचंही उलटं नसलं तर?"

"तर घराण्यातलं वैशिष्ट्य गेलं, काका. अंडी आहेत, पण ज्याचा अभ्यास करायचा तेच नाही." पण हे बोलताना ती हसत होती. उद्याचं उद्या.

मावशीला बोलावलं. ती पुढे येईना. "नको बाई, लाखाचं मशीन, माझा हात लागायचा."

मी पुन्हा डोळा लावला. इतकी वर्षं सगळं कानाने ओळखलं, पंप, मासे, गिऱ्हाईक. याचा आवाज नाही. मग टेबलावर बोट वाजवलं, त्या धाग्याबरोबर. टक. टक. टक.

"काय वाजवताय भाऊ?"

"तुमच्या म्हाताऱ्यांच्या पोराचं काळीज."

मावशी दाराशीच उभी राहून ऐकत होती. मी वाजवत राहिलो.