हात फिरवून पास

अर्विंग, टेक्सास
१७ ऑक्टोबर २००७, बुधवार

चि. प्रताप,

दाजीचा आणि ताईचा आशीर्वाद घे आणि लगेच वाचायला बस, चहाबिहा नंतर. आम्ही इकडं जिवंत आहोत, तूही तिकडं असशील असं धरून चालतो. सुलेखाची कंबर कशी आहे? बायको आहे तुझी, विचारत जा अधूनमधून. तुझी शुगर किती आली? मला खरा आकडा लिही, ताईला सांगायचा वेगळ्या कागदावर लिही. डेपोत टायर सेक्शनचं छप्पर अजून गळतं का? आणि अनिल ड्रायव्हरच्या केसची तारीख डिसेंबरातच आहे की पुढं ढकलली? सहज विचारतोय. (तुला आठवतच असेल. घाटात त्याच्या गाडीचं पुढचं टायर फुटलं, गाडी कठड्यावर गेली, तिघं गेले. चौकशीत मी ताठ उभा राहून सांगितलं, टायर आदल्या दिवशी मी स्वतः हात फिरवून पास केलंय, टायरात खोट नव्हती, ब्रेक मारायला हाच चुकला. तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. सात वर्षं झाली.) असो.

फोनवर यातलं काही सांगितलं नाही, कारण फोनवर तुझी ताई शेजारी उभी राहून माझं बोलणं दुरुस्त करते. आम्ही ऑगस्टात इथं उतरलो तेव्हा कळलं की आमचा यतीन पळतो. उशीर झालाय म्हणून नाही, मागं कुत्रं लागलंय म्हणून नाही, नुसताच. उजाडायच्या आत उठून पन्नास-पन्नास मैल पळतो आणि जिथून निघाला तिथंच परत येतो. (मग निघालाच कशाला, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हसला.) पायाची चार नखं काळी पडून गळली, ती त्यानं डबीत जपून ठेवलीत. सूनबाई, आपली आसावरी, त्या डबीला हात लावत नाही. असल्या तीस-पस्तीस लोकांचा इथं क्लब आहे. त्यांची पुढारी पॅटी नावाची बाई, माझ्याच वयाची, अंगावर मांस म्हणून नाही.

या सगळ्यांचे गुरू म्हणजे रारामुरी. मेक्सिकोत खोल दऱ्या आहेत, तिथले डोंगरी लोक. तिथं रस्ते नाहीत म्हणून ते पळतात, या गावाहून त्या गावाला, सणाला, निरोपाला, बायासुद्धा, एकेकदा दोन-दोन दिवस. आणि पायात काय, तर टायरचं पायताण! हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा नीट बसून ऐकलं. तर तिकडं दोन-तीन वर्षं पाऊस नाही, मका उभा वाळला, लहान पोरं उपाशी गेली. यतीननं फोटो दाखवले. मी फार वेळ बघितले नाहीत. म्हणून क्लबनं ठरवलं की तळ्याकाठी शर्यत घ्यायची, तीन मैलांचा एक फेरा, जो जितके फेरे मारील तितकी मक्याची पोती त्या दऱ्यांत पाठवायची. हे मला पटलं. बाकीचं पटलं नाही. पळायच्या आधी हे लोक हात धरून गोल उभे राहतात आणि जमिनीचे आभार मानतात. सब्जासारखं कसलं तरी बी पाण्यात फुगवून पितात. पाय कसा टेकवावा यावर दोन तास बोलतात, आणि हे सगळे पन्नाशीच्या आसपासचे, म्हणजे इतकी वर्षं टेकवतच असतील की नाही?

यतीननं तिथं फुशारकी मारली की माझ्या बापानं एकतीस वर्षं टायरं हाताळलीत. झालं. पॅटीबाई घरी आली, माझे दोन्ही हात धरून विचारायला लागली की टायर हातात घेतल्यावर तुम्हाला आतून काय वाटतं. मी सांगितलं, जड वाटतं. तेही तिनं वहीत लिहून घेतलं. रारामुरींच्या मानासाठी पहिला फेरा टायरच्या पायताणात मारायचा आणि चौदा जोड मी करायचे असं ठरलं. तेरा यांचे, चौदावा लोरेन्सो नावाच्या रारामुरी पाहुण्याचा, खास तिकडून बोलावलेला. आता इकडच्या गाड्यांची टायरं सगळी रेडियल, पोटात लोखंडी तारेची जाळी. आपल्या जुन्या नायलॉनच्या टायरासारखं सरळ सुरी घालून कापता येत नाही. पक्कड लावून मी जाळी थराथरानं सोलून काढली आणि वरचं रबर तेवढं घेतलं. गॅरेजात तीन आठवडे बसलो. इतका सुखाचा वेळ मला अमेरिकेत दुसरा मिळाला नाही. प्रत्येक तळव्यावर हात फिरवला, सगळे पास केले. तुला मीच शिकवलंय ना, डोळा फसतो, टॉर्च फसते, तळहात फसत नाही.

पहिला जोड माझा मी केला होता, चाचणीला, मोज्यांवर घालून फिरायचो. डाव्या मोज्याला ओल लागायची. वाटलं, हिरवळीवर फवारे मारतात त्याचं पाणी. मग अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं. हळद भरली, वरून आणखी एक मोजा चढवला आणि गप्प बसलो. इथं शिंकलं तरी फॉर्म भरून घेतात. आणि ज्या घरात नखं डबीत ठेवतात तिथं माझ्या एका काळ्या बोटाचं काय एवढं?

शनिवारी दुपारी सगळे तळ्याकाठी जमलो, शर्यत रविवारी पहाटे. लोरेन्सो आला. पंचावन्नच्या घरातला, माझ्या खांद्याला लागेल एवढा, झगझगीत लाल शर्ट, पोटऱ्या दगडाच्या. लोक गुडघ्यावर बसून त्याच्या पायांचे फोटो काढत होते. तो कुणाकडंच बघत नव्हता. एवढ्या जत्रेत मला तो एकटा शहाणा वाटला. त्याचं जुनं पायताण झिजून पापड झालं होतं, मी नवा जोड पुढं केला. प्रताप, त्यानं तो डोळ्यांनी बघितलाच नाही. मांडीवर घेतला आणि टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश हात फिरवला. माझ्या अंगावर काटा आला. दोन महिन्यांत हात फिरवून माल बघणारा पहिला माणूस! मग त्याचा हात एका जागी थांबला. मागं आला, परत थांबला. त्यानं पायताण माझ्याकडं दिलं. मी त्याच जागी हात फिरवला. काही नाही, गुळगुळीत. मान हलवून सांगितलं, पास. तेव्हा त्यानं माझं मधलं बोट धरलं आणि त्या जागेवरून हळू ओढलं. मला काही कळलं नाही. बोट उचललं तर टोकाला चीर पडलेली आणि रक्त तळव्यावर टपटप पडत होतं. मी त्याकडं दुसऱ्याच कुणाचं बोट असल्यासारखा बघत राहिलो. रबरातून तारेचं टोक दिसत होतं, सुईएवढं. लोरेन्सोनं मात्र बोट बघितलं नाही. खाली माझ्या डाव्या पायाकडं बघितलं आणि नाकानं जरासा श्वास आत ओढला. मोज्यावर मोजा चढवून वास झाकला जात नाही.

बाकीचे तेरा जोड वाटून झाले होते, लोक ते घालून उड्या मारत होते. यतीन पाण्याची पिंपं आणायला गेलेला. मी उठलो आणि ओरडलो, काढा! काढा ती आधी! इंग्रजी एक शब्द सुचला तर शपथ. शेवटी खाली बसून एकेकाचा पाय धरला आणि मीच बंद सोडायला लागलो. आणि या लोकांना वाटलं, ही आपल्याकडची काहीतरी रीत आहे! पॅटीबाईनं हात जोडून डोळे मिटले. बाकीचे रांगेत उभे राहिले, प्रत्येक जण पाय पुढं करायला लागला. एक सहा फुटी बाबा हुंदके देऊन रडला. माझ्या बोटाचं रक्त ज्याच्या पायाला लागलं तो ते पुसू देईना. मी शिव्या देतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत. तेवढ्यात यतीन धावत आला.

"बाबा, काय चाललंय? सगळे बघतायत!"

"बघू दे. यांत तार आहे."

"अहो, पण तुम्ही चेक केलं होतं ना?"

"हात फिरवला होता," मी म्हणालो, आणि म्हणताना मलाच ते कसंतरी लागलं. मग आणखी समजावण्यापेक्षा डावे मोजे काढले. दोन्ही. टाळ्या थांबल्या. पॅटीबाईनं एकदा पायाकडं बघितलं आणि तिचे जोडलेले हात सुटले. ती बाई तीस वर्षं नर्स होती, हे कुणी सांगायला नको का आधी? एका झटक्यात तिनं आसावरीला गाडी काढायला लावलं, मला आत कोंबलं आणि वाटेत जमिनीबद्दल एक अक्षर बोलली नाही. तेव्हा मला ती पहिल्यांदा आवडली.

दवाखान्याचं लांबण लावत नाही. दोन बोटं काढली. तुझी ताई काही बोलली नाही, हे लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा घडलं. यतीन शर्यत सोडून उशाशी बसायला निघाला होता, त्याला हाकलला. म्हटलं, इथं बसून माझं बोट परत फुटायचं नाही, तिकडं पळालास तर पोतं जाईल. नऊ फेरे मारले त्यानं. रडत मारले असं आसावरी म्हणते. पॅटीबाईचे अकरा. लोरेन्सो त्याच पापड झालेल्या पायताणात बावीस फेरे पळाला आणि कुणी फोटो काढायच्या आत झाडाखाली जाऊन बसला.

सोमवारी तो खोलीच्या दारात उभा. कसे आहात नाही, काही नाही. भाजलेल्या मक्याच्या पिठाची पिशवी (वास थेट आपल्या सातूच्या पिठाचा) उशाशी ठेवली, भिंतीकडं तोंड करून तासभर बसला आणि गेला. मी यतीनला म्हणालो, अरे थँक्यू तरी म्हण माझ्या वतीनं. तो म्हणाला, त्यांच्यात लागत नाही. ज्याच्याकडं आहे त्यानं द्यायचं, ज्याच्याकडं नाही त्यानं घ्यायचं, त्याला कोरिमा म्हणतात, बाकी बोलायचं नाही. असली माणसं मला आधी भेटायला पाहिजे होती. टायर कापायची सुरी त्याला दिली. मला आता तिचं काय काम?

एक तेवढं सांगायचं राहिलं. सोमवारीच संध्याकाळी डॉक्टरनं डोळे मिटायला लावले. नायलॉनचा बारीक दोरा घेऊन पायाला, मग हाताच्या बोटांना टोचायचा आणि विचारायचा, कळतंय का? मी मधल्या बोटाला कळतंय म्हटलं. अंगठ्याला कळतंय. करंगळीला तर जोरात म्हटलं. डोळे उघडले तर यतीन खिडकीबाहेर बघतोय. डॉक्टरनं शेवटच्या चार वेळा दोरा लावलाच नव्हता. म्हणाला, शुगरनं बोटं मेलीत, आणि हे आजचं नाही, आठ-दहा वर्षांचं तरी आहे. मी यतीनला म्हटलं, परत विचार, तो चुकून बोलला असेल. त्यानं परत विचारलं. तेच. मग मी पडल्या पडल्या बोटांवर वर्षं मोजली. मोजायला चालतात.

असो. इकडची हवा बरी आहे.

तुझा दाजी,
जगन्नाथ

ता. क. — तुझ्या ताईनं पत्र वाचलं. ती म्हणते, धडधडीत खोटं लिहू नका. दोन बोटं शनिवारी काढली, काल अर्धं पाऊल काढलं. मला वाटलं, एवढ्यासाठी आख्खं पत्र परत कोण लिहिणार.

दुसरा ता. क. — अनिलच्या केसचं सहज विचारलं असं वर म्हटलंय, तेही खोटं आहे. सोबत एक वेगळा कागद आहे. त्यात लिहिलंय की ते टायर मी ज्या हातानं पास केलं त्या हाताला काही कळत नव्हतं, टायर चांगलं होतं की फाटलेलं हे मला आज सांगता येत नाही आणि तेव्हाही येत नव्हतं. डॉक्टरचा दाखला जोडलाय. सही वाकडी आली, पेन बोटात धरलंय की नाही ते बघत बघत करावी लागली. हे दोन्ही अनिलच्या वकिलाला तू स्वतः नेऊन दे. पोस्टानं नको, डेपोच्या शिपायाबरोबर तर नकोच. वकील म्हणाला की मी समोर पाहिजे, तर येतो. विमानात चाकाच्या खुर्चीवाल्यांना आधी सोडतात, तेवढा फायदा.

तिसरा ता. क. — तिथून उठून अनिलच्या घरी जा आणि हे पत्र त्याला वाचून दाखव. मध्ये काही गाळू नकोस. माफीबिफी मागू नकोस माझ्या नावानं, ते नंतर मी बघीन. तो शिव्या देईल. मान खाली घालून ऐक, आणि जशा दिल्या तशा, एकही सौम्य न करता मला लिहून पाठव. आणि प्रताप, शुगर तुलाही आहे, आणि आता टायरं तू पास करतोस, मी शिकवलं तशीच. उद्या कामावर जाताना टॉर्च घेऊन जा.