गुरुवारी नोरीन भाजायला जाते

९ जून, सोमवार. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. सकाळी ७.१०
भट्टी बांधायची. निर्णय झाला.
गावात मातीची भांडी भाजून देणारा एकच माणूस होता. तो सगळं विकून उत्तरेला, उन्हात राहायला गेला. माझ्या बायकोचे, नोरीनचे बत्तीस कच्चे वाडगे जेवणाच्या टेबलावर पडून आहेत. आम्ही तीन आठवडे ताटं मांडीवर घेऊन जेवतो. डॉक्टरांनी तिच्या अंगठ्यांचे एक्स-रे पाहिले आणि कुंभाराचं चाक बंद करायला सांगितलं. म्हणजे हे वाडगे शेवटचे. मार्चमध्ये गावचं कृषी प्रदर्शन. तिथल्या मातीकामाच्या स्पर्धेत ती अकरा वर्षं भाग घेते आणि अकरा वर्षं दुसरी येते.
तिला म्हटलं, या वेळी तुझे वाडगे माझ्या भट्टीत. ती म्हणाली, बरं. एवढंच. भरून आलं असावं.
मग म्हणाली, तू बांधत होतास त्या होडीचं, कयाकचं काय झालं?
कयाक गॅरेजमध्ये आहे. उजवी बाजू पूर्ण आहे.

२२ जून, रविवार
वाचन. भट्टीची कमान कशी काढायची ते कळलं. साखळी दोन टोकांना टांगायची, ती जो आकार घेईल तो उलटा करायचा. निसर्गच गणित करतो. घरात साखळी एकच, आमच्या कुत्र्याची, मॉटची. टांगली. आकार उत्तम.
मॉट पळाला. लॉर्नाच्या कोंबड्यांत सापडला. लॉर्ना हॅड्रिक आमची शेजारीण, वय एकाहत्तर, गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची कॅप्टन. कुत्र्याला बखोटीला धरून आली. म्हणाली, अरे डेस, साखळी कुत्र्याला बांधायची असते, भिंतीला नाही.
वहीत टिपलं: शेजाऱ्यांना तांत्रिक गोष्टी सांगू नयेत.

१४ जुलै, सोमवार
विटा मिळाल्या. जुनी डेअरी पाडली, तिथल्या. चारशे. नोरीनने विचारलं, या भट्टीच्या विटा आहेत का. मी म्हटलं, भट्टीत लावल्या की होतील.

३ ऑगस्ट, रविवार
पाऊस. विटा बाहेर आहेत. त्यांना हवेची सवय होऊ दे.
गेला आठवडा नियोजनात गेला. पाणीपुरवठा खात्यात सदतीस वर्षं काढली, पहिल्या सहा महिन्यांत कुणी खणत नाही.

७ सप्टेंबर, रविवार
इथे दक्षिण गोलार्धात वसंत सुरू. काम जोरात. प्लायवुडच्या साच्यावर कमान रचली, दुपारी साचा काढला. कमान उभी राहिली. नोरीनला हाक मारली. ती येईपर्यंत चहा ठेवला. बाहेर आलो तेव्हा कमान खाली बसली होती.
नोरीन बराच वेळ विटांकडे पाहत होती. मग लॉर्नाकडे गेली. दोघी कुंपणाशी तासभर बोलत होत्या. बागेबद्दल असावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
नोरीन म्हणाली, लॉर्नाने गावच्या हॉलमध्ये सोय केली आहे, मी दर गुरुवारी तिच्याबरोबर भाजायला जाईन. मी म्हटलं, जा की. तिला काहीतरी विरंगुळा हवाच. बायका जमतील, केक, बिस्किटं. मला दिवसभर शांतता.
ती दारात थांबली. म्हणाली, तुला चालेल ना, डेस? नक्की? मी म्हटलं, अगं, मला कशाला वाईट वाटेल? उलट माझ्यासाठी एखादा तुकडा आण.
तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. मग लॉर्नाने हॉर्न वाजवला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मेलबर्न कपची शर्यत. घोड्यांसाठी देश थांबतो. मीही थांबलो.
बटाट्याचं सॅलड एका निळ्या वाडग्यात. नवा दिसतो. विचारलं, कुठून आणलास. म्हणाली, हॉलमधून. रंग बरा आहे, पण काठ जाड. दुकानी माल. हाताने केलेल्याची सर नाही, असं मी म्हटलं. नोरीनला ठसका लागला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कमान दुसऱ्यांदा रचली. या वेळी साचा काढलाच नाही. पहिल्या आगीत तो आपोआप जळून जाईल. असं कुणाला सुचलं नसेल.
जेवणाच्या टेबलावर निम्मी जागा झाली आहे. नोरीन वाडगे कपाटात हलवत असावी. छान. आता निदान टेबलाच्या कोपऱ्यावर जेवता येतं.
गुरुवारचा केक अजून एकदाही घरी आलेला नाही. तिथेच संपवत असाव्यात.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६.४०
भट्टी पूर्ण. चिमणीसकट. सहा महिने आणि पाच दिवस. शेकोटीइतकं लाकूड नव्हे, टनभर लाकूड फोडून ठेवलं आहे. पाठ गेली. उद्या पेटवणार. नोरीनला म्हटलं, उद्या तुझे वाडगे. ती काहीतरी सांगायला लागली होती. मी म्हटलं, आभार उद्या.

१५ डिसेंबर, सोमवार
दुपारी एकच्या आधी लॉर्ना फाटकात. हातात फलक. आजपासून उघड्यावर आग पेटवायला बंदी. उन्हाळा संपेपर्यंत.
मी म्हटलं, हे अचानक कसं?
ती म्हणाली, अचानक? आठवडा इकडे-तिकडे, पण दर वर्षी असतं हे. तू इथं एकतीस वर्षं राहतोस. दर वर्षी तुझ्याच फाटकाला फलक लावते मी.
मी म्हटलं, ही आग नाही, भट्टी आहे. ती आत असते.
तिने चिमणीकडे पाहिलं. मग वर, चिमणीवर आलेल्या निलगिरीच्या फांदीकडे. म्हणाली, भट्टी बांधलीस की वणवा?
व्यवस्थेला नवं काही सहन होत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. ४३ अंश
संपूर्ण आगबंदी. बार्बेक्यूसुद्धा नाही. सवलतीसाठी चार पानी अर्ज लिहून लॉर्नाला दिला. तिने त्या पानांनी वारा घेतला.
टेबल जवळजवळ रिकामं. नोरीनने आशा सोडली बहुतेक. विषय काढत नाही. गुरुवारी मात्र शीळ घालत परत येते. भाजण्याने मन रमतं म्हणतात, ते खरं असावं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
अपराधी वाटतं. (फक्त इथेच लिहितो.) प्रदर्शन दोन आठवड्यांवर, आणि तिचे शेवटचे वाडगे कच्चेच. माझी चूक नाही, पण मोठ्या मनाने काहीतरी करायला हवं.
हॉलबाहेर लॉर्ना अग्निशमन दलासाठी विक्रीचं टेबल लावून बसली होती. त्यावर एक वाडगा दिसला. राखाडी-हिरवा, पावसाआधीच्या समुद्रासारखा. घेतला. लॉर्ना म्हणाली, हा घेतोस? तू? नक्की? मी म्हटलं, नोरीनसाठी. तिने टेबलावर डोकं टेकलं. उन्हाचा त्रास. या वयात तिने सावलीत बसावं.
नोरीनला दिला. म्हटलं, तुझ्यासारखाच आहे, फक्त भाजलेला. तिने तो उलटा करून पाहिला. खाली एन. पी. कोरलेलं. मी म्हटलं, नेपाळ असावं. ती हसत हसत बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. भेट आवडली.

७ मार्च, शनिवार. प्रदर्शन
सांत्वनाची तीन वाक्यं पाठ करून गेलो. म्हणता आली नाहीत.
मातीकामाचं टेबल. सहा वाडगे. निळे, राखाडी-हिरवे. समोर निळी रिबन, आणि कार्ड: पहिलं बक्षीस, नोरीन पास्को.
एन. पी.
मी विचारलं, भाजलेस कुठे?
हॉलमध्ये, ती म्हणाली. बंद पडलेल्या शाळेची विजेची भट्टी तिथं आणून बसवली आहे. गुरुवारी. सांगितलं होतं मी तुला.
मी म्हटलं, मला वाटलं, केक.
ती म्हणाली, वीस गुरुवार, डेस. एक तरी केक पाहिलास का?
मागून लॉर्ना म्हणाली, नेपाळचं अभिनंदन.
घरी येताना नोरीन खिडकीबाहेर बघत होती. मॉटसुद्धा माझ्याकडे बघत नव्हता.

८ मार्च, रविवार
टेबल पुसायला घेतलं. एक वाडगा आहे. कच्चा. भिंतीकडे ठेवलेला, म्हणून दिसला नव्हता.
नोरीन म्हणाली, तो शेवटचा. चाकावरून काढला त्या दिवशी अंगठा हलत नव्हता. तो तुझ्या भट्टीसाठी ठेवला आहे.
मी म्हटलं, फुटला तर?
ती म्हणाली, तुझी भट्टी आहे. तू ठरव.

२ मे, शनिवार
बंदी उठली. लॉर्ना पाण्याचा बंब घेऊन आली, शेजारधर्म म्हणाली. निलगिरीची फांदी तिनेच कापली. भट्टी आधी रिकामी पेटवली. केवळ शास्त्र म्हणून.
साचा ठरल्याप्रमाणे जळून गेला. नंतर विटा फुटायला लागल्या. पावसात प्यालेलं पाणी. एकेक वीट बंदुकीसारखी. मॉट लॉर्नाच्या कोंबड्यांत. ३.१५ला चिमणी वाकली, ३.१७ला कमान बसली. लॉर्नाने पाणी मारलं. मग माझी पाठ थोपटली. तेच जास्त लागलं.
नोरीनने चहा आणला. निळ्या वाडग्यात, कारण कप सगळे भट्टीपाशी, पडलेल्या विटांत राहिले होते. काठ जाड नाही. मी उगाच म्हटलं होतं.

७ मे, गुरुवार. सकाळी ९.२०
लॉर्नाच्या गाडीत मागे बसून लिहितो आहे. पुढे त्या दोघी. मांडीवर टॉवेल, टॉवेलात वाडगा. खड्डा आला की मी तो दोन्ही हातांनी धरतो. लॉर्ना म्हणाली, काय रे डेस, कुठे निघालास?
म्हटलं, भाजायला.
नोरीन मागे वळून बघत नाही, पण तिचे कान हसताना वर जातात, ते दिसतं.
हॉलची भट्टी म्हणे सतरा वर्षं जुनी आहे. सुधारणेला वाव असणार. वही आणली आहे.
नोरीन म्हणाली, डेस, वही मिट.