जाळीपलीकडचा माणूस

१२ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. पंचेचाळिशीच्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मला कळतं, पण हात दुसरं काही लिहायला तयार होत नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी ओसरल्यापासून आईचा गुडघा बरा आहे. आता एकटी जिना उतरते आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे गप्पा मारत बसते. तू पाठवलेलं लिंबाचं रोप तिने खिडकीत ठेवलंय. त्याची पानं पिवळी पडायला लागली आहेत आणि ती म्हणते त्याला तहान लागली असेल. काय करायचं ते कळव. तुझ्या रोपवाटिकेवर म्हणे काचेचं छप्पर घातलंस. आईला फोटो पाठवलास, मला नाही. असो.

मी त्या समितीवर आहे हे तिने तुला सांगितलंच असेल. अवकाशात एक यान जाणार आहे. ते परत येणार नाही. पलीकडे कुणी असलंच, तर माणसं कशी असतात हे त्यांना कळावं म्हणून त्यात चित्रफिती ठेवायच्या आहेत. एक बाई गाते आहे, एक म्हातारा ओंजळीने पाणी पितो आहे, एक मूल चालायला शिकतं आहे, आणि कुणीतरी खेळतं आहे. खेळ टेनिस ठरला. आता सगळ्या माणसांच्या वतीने खेळणारा तो खेळाडू कोण, हे आम्ही पाच जणांनी ठरवायचं. खगोलशास्त्राच्या एक बाई अध्यक्ष आहेत. शिवाय एक डॉक्टर, एक गायक, एक इतिहासाचे प्राध्यापक, आणि आयुष्यभर टेनिसची पंच म्हणून उंच खुर्चीत बसून निकाल दिलेली मी.

पहिल्या बैठका मजेत गेल्या. प्रत्येकाचा आपापला देव. डॉक्टरांना कुणाचं तरी मनगट आवडायचं, प्राध्यापकांचं बोट करंडकांच्या आकड्यांवरून हलायचं नाही. गायक एका डावखुऱ्या बाईसाठी हटून बसला होता, का तर ती हरतानाही मनापासून हसायची. शेवटी फिरून फिरून सगळे त्याच्यावरच आले, सगळं जग ज्याला नुसतं चॅम्पियन म्हणतं. मीसुद्धा. त्याचे कितीतरी सामने मी खुर्चीतून पाहिले. तसा खेळ मला दुसऱ्या कुणाच्या हातात दिसला नाही. हे मी आजही नाकारणार नाही.

अडचण आली चित्रफितीची. त्याच्या सगळ्या सामन्यांत मागे जाहिरातींचे फलक आहेत आणि यानात जाहिरात जाऊ द्यायची नाही असा नियम आहे. शोधता शोधता एक जुनी फीत सापडली. सरावाचं कोर्ट, मागे नुसती हिरवी भिंत, सकाळचं ऊन. एकच रॅली आहे, पण ती बघताना अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. चेंडू जातो, येतो, जातो, येतो, आणि वाटतं की दोघांपैकी कुणालाच ती संपवायची नाही.

दोघांपैकी दुसरा तू आहेस.

म्हणून तुझी संमती लागते. कागद सोबत ठेवला आहे.

इथेच पत्र संपवणार होते. पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं.

गेल्या आठवड्यात चॅम्पियन स्वतः फीत पाहायला आला होता. केस पिकलेत, खुर्चीतून उठताना कंबर धरतो. कॉफीच्या यंत्रापाशी आमची गाठ पडली. त्याने तुझी चौकशी केली, मग तुझ्या डोळ्याची. मी म्हटलं, गेलेला डोळा काय परत येतो, आणि अपघात काही कुणाच्या हातात नसतो. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अपघात? त्याने घरीसुद्धा हेच सांगितलंय?"

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. नंतर बैठकभर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तू आम्हाला सांगितलं होतंस की चेंडू तुझ्याच रॅकेटच्या कडेला लागून डोळ्यात उडाला. आम्ही ते कधी पुन्हा विचारलं नाही. आज विचारते. काय झालं होतं त्या दिवशी?

आईला मी काही बोललेले नाही.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. लिंबाला तहान लागलेली नाही, ते बुडतंय. माती सुकेपर्यंत पाण्याचा थेंब घालू नका. आई ऐकणार नाही, तेव्हा तूच कुंडी उचलून तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव. छपराचा फोटो पाठवतो.

कागद परत पाठवतो आहे. सही केलेली नाही.

त्या दिवशी मी त्याला सेटमध्ये हरवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सरावाच्या जोडीदाराचं काम जिंकणं नसतं. त्याला हवा तसा चेंडू हवा तिथे देत राहायचं. पण त्या दिवशी त्याची कंबर दुखत होती, पुढच्या आठवड्यात अंतिम सामना होता, आणि माझं मात्र सगळं लागत गेलं. मी काही नाचलो नाही. जाळीपाशी चेंडू गोळा करायला वाकलो आणि वर बघत म्हणालो, "चला, आज लवकर घरी." एवढंच. त्याने हातातला चेंडू मारला. समोरून, पूर्ण ताकदीने.

डोळा फोडायचा त्याच्या मनात नव्हतं, हे मी कुठेही सांगेन. पण मला लागावं असं त्याला वाटत होतं. आणि त्याचा नेम चुकायचा नाही, हे तुला माहीतच आहे.

इस्पितळात माझ्या खाटेशी बसून तो लहान मुलासारखा रडला. म्हणाला, हे बाहेर गेलं तर मी संपलो. तेव्हा मीच म्हटलं, माझ्या रॅकेटला लागून उडाला असं सांगू. त्याने सुचवलं नव्हतं ताई. मी सुचवलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो खेळ थोडा माझाही आहे असं वाटायचं. त्याचा बॅकहँड माझ्या चेंडूंवर घडला होता. तो बंद पडला असता तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

पुढच्या आठवड्यात तो अंतिम सामना जिंकला. डोळ्यावर पट्टी बांधून मी खाटेवरून पाहिला, टाळ्याही वाजवल्या. त्यानंतर तो आला नाही. फोन नाही, निरोप नाही, कुणाच्या हाती चिठ्ठीसुद्धा नाही.

एका डोळ्याची सवय होते. चहा ओतताना कपाची कड बोटाने चाचपायची, पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावायचा. त्याच्या न येण्याची सवय मात्र मला झाली नाही. पहिली दोन-तीन वर्षं फाटक वाजलं की मी मान वळवायचो. गिऱ्हाईक असायचं.

आणि आता तू लिहितेस की ते यान परत येणार नाही. म्हणजे मी कायमचा त्याच्यासमोर उभा राहून त्याला हवे तसे चेंडू देत राहणार. नको ताई. तो खेळाडू तेवढा मोठा आहे, त्याला खुशाल पाठवा. मला त्यात घेऊ नका.

समितीने कारण विचारलं तर सांगून टाक. आईलाही सांग. माझ्याने तिला सांगवणार नाही, आणि लपवून लपवून मी आता थकलो आहे.

तुझा,
बारक्या
(म्हणत जा. दुसरं कुणी म्हणत नाही.)


४ एप्रिल

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. उत्तर बैठकीनंतरच लिहायचं ठरवलं. काल बैठक झाली, तेव्हा आता लिहिते.

चॅम्पियनही आला होता. मी सांगितलं, माझा भाऊ संमती देत नाही. अध्यक्षबाईंनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, मग समोरच्या माणसाला चित्रातून पुसता येईल. आधीच पुसून ठेवलं होतं. दिवे मालवून त्यांनी फीत दाखवली. तेच कोर्ट, तेच ऊन, तो धावतो आहे, मारतो आहे, आणि चेंडू रिकाम्या जागेतून परत येतो आहे.

दिवे लागल्यावर मी बोलले. खुर्चीत बसून ज्या आवाजात निकाल द्यायचे त्याच आवाजात, तू लिहिलंस तसं, एक शब्द न वाढवता. प्राध्यापक म्हणाले की आपल्याला खेळ निवडायचा आहे, त्यात स्वभावाचा काय संबंध, आणि इतक्या जुन्या गोष्टीला पुरावा काय. मग सगळे चॅम्पियनकडे बघायला लागले. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, हा आता नाही म्हणणार.

तो म्हणाला, "मी नेम धरला होता."

कंबर धरून तो उठला, पडद्याकडे हात केला आणि म्हणाला, "हे पाठवू नका. ह्यात समोर कुणीच नाही." आणि निघून गेला.

त्यानंतर त्या डावखुऱ्या बाईला निवडलं. तिची शाळेतल्या वयाची एक फीत मिळाली आहे, सार्वजनिक कोर्टवर मोठ्या बहिणीबरोबर खेळतानाची. बहिणीने आनंदाने सही दिली. गायकाला हवं ते मिळालं, पण तोही मान खाली घालूनच बाहेर पडला. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. ती रॅली आता कुठेच जाणार नाही याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याची लाज वाटते. तुला सांगायला नको होतं, पण तू मला सगळं लिहिलंस, मग मी कशाला हातचं राखू.

बाहेर फाटकापाशी तो माझी वाट पाहत उभा होता. तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. द्यायचा की नाही ते तू सांग. नको म्हणालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि दे म्हणालास तरी का म्हणून विचारणार नाही.

आईला काल संध्याकाळी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इस्पितळात तो रडत होता तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. त्याला चहा पाजला." त्यानंतर जेवली नाही. सकाळपासून मला एकच विचारते आहे, तेव्हा तुझ्या पाठीवरून तिने हात फिरवला होता की नाही. तिला आठवत नाही. "फिरवला होतास" असं मी सांगितलंय, पण तिचा माझ्यावर विश्वास बसत नाही.

शनिवारच्या गाडीने मी तिला घेऊन तुझ्याकडे येते आहे. गुडघ्याचं काय ते बघून घेऊ. आल्या आल्या ती तुझ्या पाठीवरून हात फिरवेल, गिऱ्हाइकं असली तरी. तू उंच आहेस, तिचा हात पोचत नाही. जरा वाकून उभा राहा आणि तिचं होईपर्यंत हलू नकोस.

तुझीच,
ताई