लोखंडाचा चिमूटभर कीस

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त लेखीच). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या प्रकृतीची चौकशी करत नाही. परवा ते आमच्या कॉलेजातून ज्या वेगाने बाहेर पडले, त्यावरून ती ठणठणीत असावी.

दाजींनी तुला सांगितले असेलच. पण त्यांच्या सांगण्यात प्रस्तावना नसते, म्हणून क्रमाने लिहितो. त्यांच्या कारखान्याने आमच्या कॉलेजाला संगणकावर चालणारे, लोखंड कातणारे यंत्र वापरायला दिले. मुलांनी त्यावर हात बसवायचा आणि हात बसलेल्यांना कारखान्याने नोकरीवर घ्यायचे, असा करार. (तो माझ्याच शब्दाखातर झाला, हे तू जाणतेस.) आता, कोणतेही शिक्षण पायापासून हवे. म्हणून मी आधी सुरक्षितता शिकवली, मग धातूंचे गुणधर्म, मग यंत्रांचा इतिहास (हा भाग फारच रंगला, ताई!), आणि तोवर बिघाड नको म्हणून यंत्राला खोळ शिवून घेऊन खोलीला कुलूप लावले. मुले दाराच्या काचेला नाक लावून यंत्र पाहत. काचेवरचे नाकांचे ठसे मी रोज स्वतः पुसत असे.

परवा दाजी पाहणीला आले. त्यांनी यंत्राखाली कातलेल्या लोखंडाचा कीस पडतो त्या ट्रेमध्ये बोट फिरवले आणि ते उजेडात धरले. बोट स्वच्छ! मी कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो. “अहो मेव्हणे,” ते म्हणाले, “मशीनला नुसतं न्हाऊमाखू घातलंत. कामाला कधी लावणार होतात?” मी कारणे सांगू लागलो, तिसऱ्या मुद्द्याला दाजी फाटकाबाहेर होते. सोमवारी ट्रक येऊन यंत्र परत नेणार. ट्रेमध्ये चिमूटभर कीस सापडला असता, तरी मुलांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या. मुलांपैकी एकजण एवढेच म्हणाला, “सर, इतिहास मात्र पाठ झाला.”

तुझा,
धाकटा

ता. क. : खरे काम हे, की दाजी तुझा शब्द मोडत नाहीत. तेवढा ट्रक महिनाभर थोपव. मी आजच कुलूप काढले. सोबतच्या डबीत मुलांनी काढलेला पहिला कीस आहे. तो दाजींच्या ताटाशेजारी ठेव (खायचा नाही, हे आधी सांग).

पुन्हा ता. क. : किसाच्या प्रकारांवर टिपण जोडणार होतो, मुलांनी नको म्हटले. यंत्र चालू असताना मी आत थांबून समजावू नये, अशीही त्यांची नम्र विनंती आहे. हे दाराबाहेर उभ्यानेच लिहीत आहे. काचेवर आज नाकाचा एकच ठसा आहे. तो पुसलेला नाही.