दिव्याचे दोन पाय

चिरंजीव भाच्यास,

मामाचे आशीर्वाद. (नेहमी ‘अनेक’ लिहितो, या खेपेस मोजून एक.) तुझी तब्येत ठणठणीत असेल अशी आशा आहे, कारण पुढचा मजकूर वाचून ती बिघडायला थोडी जागा हवी. इकडे मी रागाने लाल आहे आणि तुझी मामी मला हसते आहे, बाकी क्षेम. फोन करत नाही, कारण मी चिडलो की तू हसतोस आणि मला पुढचं आठवत नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या घराची पायरी चढू नकोस.

मी तुझ्याकडे मागितलं काय होतं? मामीला दारावरची घंटा ऐकू येत नाही, तेव्हा घंटेसोबत मागच्या खोलीत एखादा दिवा लागावा, एवढंच. कोणी येऊन परत जाईल या धास्तीने ती दिवसभर पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसते. दुपारची झोप गेली, मागच्या खोलीतलं तिचं शिलाई मशीन धूळ खात पडलं. गेल्या महिन्यात तिचा डोळा लागला आणि मी दुधाची पिशवी घेऊन पाऊण तास बाहेर घंटा बडवत राहिलो. आत आल्यावर मी ओरडलो आणि ती रडली. मला माझीच लाज वाटली. आणि तू पाठवलंस काय, तर नवशिक्यांसाठीचा इलेक्ट्रॉनिक्सचा डबा! त्यात खेळायच्या पत्त्याएवढा एक बोर्ड, एक बटण, दहा इवलेसे दिवे, मूठभर वायरी, आणि चिठ्ठी: ‘मामा, पाच मिनिटांचं काम आहे.’

माझी पाच मिनिटं एकोणीस दिवस चालली.

शेजारचा वायरमन बघायला आला आणि म्हणाला, “काका, याला एक बटण आणि एक बल्ब पुरला असता की!” त्याला मी तुझाच धडा ऐकवला (बघ, तुझी बाजूही मीच घ्यायची). साधा बल्ब बटणावरचं बोट उचललं की विझणार. मामी तेव्हा सुई ओवत असेल तर? या बोर्डाला चिमुकलं डोकं आहे. कॉम्प्युटरवर लिहून त्याला एकदा शिकवलं, की बटण दाबल्याचं ते लक्षात ठेवतं आणि दोन मिनिटं दिवा मिचकावत राहतं. वायरमन मान डोलावत गेला. पण शिकवायचं कसं? मी मोबाईलच्या चार्जरची केबल लावली. बोर्डावरचा दिवा लागला, कॉम्प्युटर मात्र ओळखच देईना. तीन दिवस! मग कळलं की काही केबली नुसती वीज नेतात, निरोप नेत नाहीत. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. हे चिठ्ठीत लिहायला तुझी शाई संपली होती का?

वर तू मोठ्या तोऱ्यात सांगितलंस, ‘मामा, हे ओपन सोर्स आहे.’ म्हणजे बोर्डाचा नकाशा सगळ्यांना खुला, कोणीही बघावा, तसाच बोर्ड बनवावा, हवा तसा बदलावा. कल्पना मला आवडली. (मी चाळीस वर्षं कोटाचे कागदी नमुने कपाटात कुलूप लावून ठेवले, त्याचं जरा वाईटही वाटलं.) पण सगळं खुलं असूनही माझा दिवा लागेना. दुसरा लावला, तिसरा लावला. दहाच्या दहा दिवे मेलेले! तू मामाला रद्दी माल पाठवलास असं मी जिन्यात उभा राहून सगळ्यांना सांगितलं.

आता खरं लिहितो. त्या दिव्यांचे दोन पाय लहानमोठे होते. मी शिंपी. एक टोक लोंबतंय असं दिसलं की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो. पहिल्याच दिवशी दहाही दिव्यांचे पाय मी छान एका मापात कापून टाकले होते. लांब पाय अधिकचा आणि आखूड उणेचा, हे मला कोण सांगणार? उलटा लावला तर दिवा ढिम्म. (आणि माझ्या नशिबाने दहाही वेळा उलटाच लागला.)

मी डबा खिडकीतून फेकायला निघालो, तेव्हा मामीने एक दिवा उचलून उजेडात धरला. “अहो, याची कड एका बाजूला चपटी आहे. खूण असेल. आपण बाहीला खाच देत नाही का, कुठली बाजू कुठे ते कळायला?” चपटी बाजू उणेकडे गेली आणि दिवा मिचकावू लागला. चाळीस वर्षं खाचा मारल्या मी, आणि दिसली तिला!

असो. राग कायम आहे.

तुझा,
मामा

ता. क. : पायरीबद्दल वर लिहिलं आहे, ते बोर्ड नीट चालायच्या आधीचं समज.

ता. क. दुसरा : तुझा फोन आला की मामी ‘बरं, बरं’ म्हणून माझ्या हातात देते. ती तुझ्यावर रागावलेली नाही. तिला तुझा आवाज ऐकू येत नाही. हे तुला सांगायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली होती, ती आज मोडली. काल ती मागच्या खोलीत मशीनवर बसली आणि ‘दिवा चालतो का बघा’ म्हणून मला सात वेळा बाहेर पाठवलं. सातही वेळा धावत दाराशी आली आणि मला बघून म्हणाली, “तुम्हीच होय!” तेव्हा ये. बटण घंटेच्या खाली आहे. एकदाच दाब, आणि दोन मिनिटं थांब.