कडेच्या वाटेची सिद्धता

२ सप्टेंबर
डोंगर-दौडीच्या मार्ग समितीचे अध्यक्षपद आज एकमताने माझ्याकडे आले. दातांचे डॉक्टर विरोधात होते. परंतु मत देण्यापूर्वी त्यांनी एकाही शब्दाची व्याख्या केली नाही, सबब ते मत म्हणून धरता येत नाही.
वाद रूटचा. फाट्यापर्यंत वाट एकच. तिथून डॉक्टरांना जंगलातला गाडीरस्ता हवा. मला घळीवरची कड. कड जवळची आहे, देखणी आहे, आणि तरुणपणी मी तिच्यावरून चाललेलो आहे. डॉक्टर म्हणाले, यंदा डोंगराने पाणी फार प्यायलंय, वरून शाबूत दिसणारा दातच आतून हलत असतो. उपमा हे प्रमाण नव्हे, असे मी शांतपणे निदर्शनास आणले. सभा माझ्या बाजूने झुकली.
लेक ह्याच मार्गावर धावणार आहे. गेल्या वर्षी ती थोडक्यात दुसरी आली. यंदाचा मार्ग तिच्या वडिलांनी आखलेला आहे, फरक पडेलच.
संकल्प: दर रविवारी संपूर्ण मार्ग पायी तपासणे. फाट्यापर्यंत नव्हे. संपूर्ण.

७ सप्टेंबर
फाट्यापर्यंत गेलो. वर धुके. धुक्यात तपासणी करणे म्हणजे न तपासणेच, म्हणून परतलो. गुडघ्यांचा ह्यात संबंध नाही.
काम मात्र केले. धावणारे चुकून गाडीरस्त्याला लागू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी दोन झाडांमध्ये लाल रिबीन बांधली. एक झाड रस्त्याच्या अंगाला, दुसरे कडेच्या. वाऱ्याने तुटू नये म्हणून बऱ्यापैकी झोळ ठेवला.
घरी हिने विचारले, वरपर्यंत जाऊन आलात का. मी मार्किंगची माहिती दिली. ही म्हणाली, मी पायांचं विचारतेय, रिबिनीचं नाही.

१४ सप्टेंबर
नवे बूट चावतात. फाट्यापर्यंतच.
रिबिनीचा झोळ गेलेला. तारेसारखी ताठ. दमट हवेत आखडली असणार. परतताना दुकानदाराला जाब विचारला. तो म्हणाला, प्लास्टिक आहे काका, आखडत नाही. 'आखडत नाही' आणि 'आखडू शकत नाही' ह्यांतला भेद त्याला समजावला. त्याने ऐकून घेतले आणि शटर ओढले.
रिबीन पुन्हा सैल बांधली आहे.

२१ सप्टेंबर
रिबीन पुन्हा ताठ. कडेच्या अंगाचे झाड किंचित घळीकडे कललेले दिसले. पूर्वीही तसेच असावे; ते सरळ असल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. फाट्यावरच्या झऱ्याला गढूळ पाणी येत होते, गेले काही दिवस पाऊस नसताना. वर घळीत एक दगड सुटला. मग आणखी एक. मग बराच वेळ काही नाही, पक्षीही नाहीत.
शेळ्या असाव्यात. दिसल्या नाहीत. पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे.
वर जाण्याची वस्तुतः आवश्यकता काय, ह्याचा तिथेच दगडावर बसून विचार केला. आयुष्यभर मी तर्कशास्त्राच्या वर्गात डोंगरावरचा धूर दाखवून तिथला अग्नी सिद्ध करत आलो. त्यासाठी एकदाही डोंगर चढावा लागला नाही. मार्गाचा खालचा भाग मी प्रत्यक्ष पाहिला आहे, तो उत्तम आहे. वरचा भाग त्याच मार्गाचा आहे. निष्कर्ष उघड आहे.
समितीला प्रमाणपत्र दिले: मार्ग संपूर्ण तपासला, निर्धोक आहे.
हिला वाचून दाखवले. ही 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' एवढेच म्हणाली आणि उरलेली म्हण माझ्यावर सोडली.

२८ सप्टेंबर
मीटिंग. डॉक्टरांनी कडेवरचे फोटो मागितले. मी म्हणालो, शंका ज्याची, सिद्धतेचा भार त्याचा. टाळ्या. मागच्या बाकावर लेक होती. तिने वाजवल्या नाहीत.
जेवताना तिने विचारले, कडेवर आधाराला लोखंडी दोर होता, तो अजून आहे का. मी म्हणालो, नसायला काय झालं. ती म्हणाली, बाबा, हा उलट प्रश्न झाला, उत्तर नाही. मुलगी माझ्याच तालमीत वाढली आहे. अभिमान वाटला. जेवण मात्र तसेच राहिले.

५ ऑक्टोबर
रिबीन तुटलेली! दोन्ही टोके आपापल्या झाडाला लोंबत होती. हा खोडसाळपणा कोणाचा, हे सांगायला नको. डॉक्टरांना फोनवर कडक शब्दांत सुनावले. ते संध्याकाळी स्वतः घरी आले. म्हणाले, सर, मी महिनाभर फाट्याकडे फिरकलेलोच नाही, मला तिथे भीती वाटते. अशा भयग्रस्त माणसाचे मत समितीने किती मानावे, हा प्रश्नच आहे.
तुटलेले दोन तुकडे जोडून मोजले आणि त्याच मापाची नवी रिबीन कापली. ती दुसऱ्या झाडापर्यंत पोचली नाही. हातभर कमी पडली.
कात्री बोथट आहे.

११ ऑक्टोबर, सकाळी
उद्या दौड. लेक म्हणाली, आज कडेवरून एक फेरी मारून येते, तुम्हीही चला. निघताना माझे बूट हातात घेऊन उलटे करून पाहिले. तळ झिजलेले नाहीत, बूट नवेच आहेत. फाट्यापर्यंत बरोबर आलो. तिथे ती थांबली.
"बाबा, एकदाच विचारते. तुम्ही वर गेला होतात?"
मी सिद्धतेच्या भाराचा मुद्दा मांडू लागलो. तिने तो पुरता ऐकला नाही. नाडी घट्ट केली आणि गेली. धुक्यात तिची पाठ दिसेनाशी झाली.

फाट्यावरच
घळीत दगड सुटले. ह्या वेळी पुष्कळ. शेळ्या.

फाट्यावरच
लेक वेगवान आहे. वेगवान माणूस लवकर पोचतो. जो लवकर पोचतो तो लवकर परततो. लेक अजून परतलेली नाही. ह्यातल्या कुठल्यातरी पायरीत चूक आहे. पुन्हा तपासले. चूक सापडत नाही.
हाक मारली. उत्तर नाही. उत्तर न येणे म्हणजे
वर जातो आहे.

११ ऑक्टोबर, दुपारी, घरी
जे घडले ते क्रमाने लिहितो.
फाट्यावरून निघालो. गुडघ्यांचा संबंध आहे. पहिल्याच वळणानंतर वाट संपली. वळली नाही, अरुंद झाली नाही, संपली. पुढे नुसती हवा. खाली घळीत उघडी माती, उलटी मुळे, आणि खुंट्यासकट लोंबणारा लोखंडी दोर. बहुतेक ढिगाऱ्यावर गवत उगवून आले होते. म्हणजे कड आज कोसळलेली नाही. मी प्रमाणपत्रावर सही केली, तेव्हाही ती नव्हतीच.
गवताच्या मधोमध एक पट्टा ताजा, ओला होता. त्याच्या टोकाशी लेकीचा एक बूट.
मी तिला हाक मारली. किती वेळा, लिहीत नाही.
मग मागून आवाज आला. हळू, पण स्वच्छ.
"बाबा, वळू नका. तसेच मागे या. तुमच्या पायांमध्ये चीर आहे."
खाली पाहिले. होती. एक पाय डोंगरावर होता, दुसरा कशावर, हे सांगता येत नाही. मी विनायुक्तिवाद मागे आलो.
धुक्यात तिला वाटेचे तुटलेले टोक दिसले नव्हते. पायाखालची माती सुटली आणि ती थेट घळीत घसरली. पलीकडच्या काठाने मुळांना धरून चढत गाडीरस्त्याला लागली, आणि फाट्यावर मी दिसलो नाही म्हणून शोधत वर आली. कोपरे सोललेली, घोटा सुजलेला. उतरताना मी तिला आधार दिला, असे वाटत होते. ही दारात उभी होती. हिच्या म्हणण्याप्रमाणे आधार मी घेतला होता.
मघाचे दगड शेळ्यांनी सोडले नव्हते.

१२ ऑक्टोबर
दौड गाडीरस्त्याने झाली. फाटा लागूच नये म्हणून सुरुवातही पलीकडच्या बाजूने. रूट का बदलला, हे माइकवर सांगताना डॉक्टरांनी माझे नाव घेतले नाही. घेतले असते, तर प्रतिवाद तरी करता आला असता.
लेक धावली नाही. पाय बांधून पाण्याच्या टेबलाशी बसली. मला शेजारची खुर्ची दिली.
एका धावणाऱ्याने विचारले, कडेची वाट का रद्द केली हो? मी खुलासा तीन भागांत करावयास घेतला. पहिला भाग संपण्याआधीच तो पाणी पिऊन निघून गेला. पुढच्यानेही तेच विचारले.
मी म्हणालो, "वाट तपासायची होती माझ्याकडे. मी वर गेलोच नव्हतो."
तो पेला ठेवून धावत सुटला. लेकीने माझ्याकडे न पाहता रिकामे पेले पुढे सरकवले. मी भरू लागलो.