थिएटरचं हिरवं कापड

पौष, रविवार, दुपार

माय, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. रोजची वही लिहिते. तीत हवापाणी असतं, लेकीची परीक्षा असते, तू मात्र नसतेस. तुझ्याबद्दल लिहायला बसलं की वाक्य नीट उतरत नाही, आणि अर्धवट वाक्य मला चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. आज एका आकड्यापाशी अडले आहे. तो आकडा तुझ्या खोलीचा आहे, म्हणून तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

तुझी खोली म्हणजे दवाखान्याच्या मागची, ऑपरेशनचे गाऊन आणि चादरी धुऊन, घड्या घालून, वाफेच्या यंत्रातून काढायची. शाळा सुटली की मी तिथेच यायचे. वाफेतून निघालेल्या कापडाच्या ड्रमचं झाकण उघडलं की गरम, दमट, किंचित करपल्यासारखा वास येई. तसा वास मला नंतर कुठेच आला नाही. तू खिडकीशी उभी आहेस. हिरवी चादर दोन्ही हातांनी उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढी भोकं शोधते आहेस. मी घडीला हात लावायला जाते. "हात धोयात का?" तू न वळताच विचारतेस. धुतले, मी म्हणते. "खोटी! पानीना आवाज उना नही." मी नळाशी जाते, आणि तू हसत असतेस, हे मला तुझ्या पाठीवरून कळतं.

भोक दिसलं की ते कापड पुन्हा ऑपरेशन थिएटरला जायचं नाही. तू त्याचे चौकोन फाडून बाळंतिणींच्या वॉर्डात नेऊन ठेवायचीस. एका थंडीत धडगावकडची एक बाई घरी निघाली होती. फाटकाशी जीप उभी होती आणि बाळ नुसतं लुगड्याच्या पदरात होतं. तू हिरवा चौकोन घेऊन धावलीस, जीपच्या मागच्या फळीवर चढून बाळ गुंडाळून दिलंस. नवं का नाही दिलं, असं मी शहाणपणानं विचारलं. "नवं रुतस लेकरले. धुई धुईसन मऊ व्हयेल पाहिजे." तू कुणाची परवानगी घेतली नाहीस, आणि तुला कुणी अडवलंही नाही. तुझ्यामागे सिस्टरांनी ते चालू ठेवलं. अजून थंडीत सातपुड्याच्या वाटेला लागणारी बाळं आपल्या थिएटरच्या कापडात जातात.

मी आता त्याच दवाखान्याचं स्टोअर सांभाळते. प्रत्येक गाऊनला, चादरीला एक पट्टी शिवली आहे. कापड बाहेर गेलं, परत आलं, की यंत्र ती पट्टी वाचतं. परत आलं नाही की कम्प्युटर त्यापुढे 'गहाळ' लिहितो, मग ते हरवलेलं असो की बाळाबरोबर गेलेलं. दवाखान्याचे साहेब नवे आहेत, तरुण आहेत, माणूस सरळ आहे. त्यांना ठरवायचं आहे की धुण्याचं कापड ठेवायचं, की सुरतेहून येणारे एकदा वापरून फेकायचे किट घ्यायचे. "मॅडम, एकच सांगा, एक गाऊन सरासरी किती वेळा वापरला जातो? त्यावरून दर वेळचा खर्च निघेल." ते बरोबर बोलतात. गाऊनची किंमत, साबण, पाणी, वीज, बायकांचा पगार, सगळं मी भरलं. तेवढा एक रकाना रिकामा आहे.

गहाळ कापड धरलं तर कापडाचं आयुष्य थोडं दिसतं, खर्च वाढतो, किट स्वस्त पडतं. खोली बंद होते, दोन बायका घरी बसतात. गहाळ वगळलं तर कापड जिंकतं. पण गहाळातलं किती बाळांबरोबर गेलं आणि किती खरंच हरवलं, हे मला माहीत नाही. कुणालाच नाही. मला हवा तो आकडा मला खरा वाटू लागला आहे, आणि याचीच भीती वाटते. हे सगळं उघड सांगावं, तर उद्या कुणी म्हणेल, दवाखान्याचं कापड वाटता कशाला? मग खोली राहील आणि बाळं उघडी जातील. तू हे न बोलता केलंस, म्हणून ते टिकलं. मी बोलले तर?

परवा तुझ्या जागी असलेल्या मावशीनं मला दारातच गाठलं. "ताई, तुन्हा कम्प्युटर काय म्हनस? आम्हले घर धाडी का?" मी म्हटलं, त्याले अजून काही समजत नही. "मंग तू समजाड! तुन्ही माय व्हती तवय डॉक्टर बी तिले वचकेत, आनि तू खोकाले घाबरस!" आम्ही दोघी हसलो. मग ती चादर घेऊन खिडकीशी गेली आणि मला तिथे उभं राहवेना.

माय, आकडा मी वाढवून लिहिणार नाही. कमीही नाही. थिएटरमधून काढून वॉर्डाला दिलेलं कापड हरवलेलं नसतं. त्याला वेगळा रकाना हवा, आणि तो साहेबांच्या डोळ्यांसमोर हवा. त्यांनी नाही म्हटलं तर मी भांडेन, तुझ्यासारखं नाही जमणार, पण भांडेन. किती महिने नीट नोंद केल्यावर खरा आकडा निघेल, तोवर ते थांबतील का, सांगता येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. खोली बंद झाली तर त्या दोघींच्या पगाराआधी मला माझंच वाईट वाटेल. तू उभी असायचीस अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

उद्या: राउंड संपताच साहेबांना बाळंतिणींच्या वॉर्डात घेऊन जाणे.